खेळतां खेळतां चावणारें मांजराचें पिल्लूं

घरांत मांजर असावें कीं नसावें, हा वाद आपल्याकडील मोठ्या कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मुलांचा पक्ष मांजराच्या बाजूचा, स्वयंपाकघर ज्यांच्या ताब्यांत त्यांचा बहुधा विरुद्ध, आणि घरांतील कर्ते पुरुष वर्तमानपत्रांत डोकें घालून तटस्थ, अशी ही जुनी विभागणी आहे. पिल्लूं एकदां घरांत आलें आणि कोणाच्या तरी मांडीवर घुरघुरूं लागलें, म्हणजे वाद आपोआप मिटतो. पण महिना-पंधरा दिवसांनीं तो पुनः उकरला जातो, आणि या वेळीं त्याचें निमित्त दुधाचें पातेलें नसून मुलांच्या हातांवरील ओरखडे हें असतें. "खेळतां खेळतां कडकडून चावतें" ही तक्रार सुरू झाली कीं पिल्लूं द्वाड ठरतें. आणि द्वाड ठरलेल्या पिल्लाची पुढची वाट आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. एके दिवशीं त्यास पिशवींत घालून नदीपलीकडे नेऊन सोडतात.

हा विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. पण तसा तो नाहीं. एका बाजूस एका जिवाचा प्रश्न आहे. माणसांच्या उबेंत वाढलेलें, शिकार न शिकलेलें तीन-चार महिन्यांचें पिल्लूं अपरिचित जागीं, कुत्र्यांच्या व मोटारींच्या तावडींतून वांचून मोठें होण्याची आशा फार थोडी. जनावरास उपासमार होईल अशा स्थितींत विनाकारण टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्यानें गुन्हाही आहे. दुसऱ्या बाजूस घरांतील मुलांच्या व वृद्धांच्या प्रकृतीचा प्रश्न आहे. कारण मांजराचा दांत लहान दिसला तरी त्याची जखम नेहमींच लहान नसते. या दोहोंचा मेळ घालतां येईल काय? आमच्या मतें येईल, आणि तोही फारसा खर्च न करतां. मात्र त्यासाठीं पिल्लूं चावतें कां, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

पुण्याच्या पश्चिमेस मुठेच्या कांठीं वसलेल्या वारज्याचें उदाहरण घ्या. १९९७ सालीं महानगरपालिकेच्या हद्दींत येण्यापूर्वीं हें शेताशिवारांचें गांव होतें. अशा गांवांतील मांजर अमक्याचें म्हणून नसे. गोठा, कणगी, गवताची गंज आणि घराचा माळा हा त्याचा संसार. तेथें उंदीर असत, घुशी असत, चढावयास झाडें असत. आणि मुख्य म्हणजे आई व भावंडें असत. मांजरी आपलीं पिल्लें सात घरें फिरविते अशी आपली समजूत आहे. त्या सात घरांत पिल्लांचें सारें शिक्षण उरकून जाई. आज त्याच वारज्यांत महामार्गाच्या दोन्ही अंगांस उंच उंच इमारती उभ्या आहेत. पावसाळ्याच्या तोंडीं मोटारी ठेवण्याच्या जागेंत, एखाद्या पुठ्ठ्याच्या खोक्याआड पिल्लें सांपडतात, आणि त्यांतील एखादें मुलें उचलून वर आणतात. चौथ्या मजल्यावरील बिऱ्हाडांत त्यास दूध मिळतें, ऊब मिळते, लाडही मिळतात. पण उंदीर मिळत नाहीं, झाड मिळत नाहीं आणि बरोबरीचें दुसरें पिल्लूंही मिळत नाहीं. त्या घरांत हालणारें असें काय असतें? माणसांचे हात आणि पाय! मग त्यानें झेप घालावी ती कशावर?

पिल्लाचे डोळे जन्मानंतर सात ते दहा दिवसांनीं उघडूं लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे दांत येऊं लागतात. ते एकंदर २६ असतात. चौथ्या आठवड्यापासून भावंडांशीं कुस्ती सुरू होते. सातव्या-आठव्या आठवड्यापासून हालणाऱ्या वस्तूवर दबा धरणें, झडप घालणें, पुढच्या पायांनीं कवटाळणें आणि मागच्या पायांनीं लाथा झाडणें, हे सारे प्रकार दिसूं लागतात. पुढें साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास दुधाचे दांत पडूं लागून सहा-सात महिन्यांपर्यंत ३० कायमचे दांत येतात. या दिवसांत सांपडेल तें चावून पाहण्याची खोड अधिकच वाढते. म्हणजे आपण ज्यास द्वाडपणा म्हणतों तो पिल्लाच्या पुढील धंद्याचा अभ्यास होय. सायप्रस बेटांत सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका थडग्यांत माणसाशेजारीं पुरलेलें मांजर सांपडलें आहे. माणसाचा व त्याचा सहवास इतका जुना. आणि हा सहवास कशामुळें जमला? धान्याच्या राशींत शिरणाऱ्या उंदरांस तें चावत असे म्हणूनच. ज्या दांतांसाठीं आपण त्यास घरांत घेतलें, त्या दांतांबद्दल त्याच्यावर रागावून कसें चालेल?

पण एवढ्यावरून मुलांचे हात पिल्लाच्या अभ्यासास द्यावे, असें मात्र नव्हे. 'मांजरीचे दांत तिच्या पिल्लांस लागत नाहींत' अशी आपल्याकडे म्हण आहे. वैष्णव आचार्यांचा प्रसिद्ध मार्जारकिशोर-न्यायही याच दृश्यावरून निघाला आहे. माकडाचें पोर आईला आपल्या हातांनीं घट्ट धरून राहतें. मांजरीचें पोर मात्र अंग सैल सोडतें, आणि आईच त्यास मानेशीं धरून नेते. ज्या दांतांनीं उंदराची मान मोडावयाची, त्याच दांतांत पोटचें पोर कसें सुरक्षित राहतें? याचा अर्थ असा कीं, दांतांचा जोर कोठें किती लावावयाचा हें मांजराच्या ताब्यांतील काम आहे. ही कला जन्मतः पूर्ण नसते. ती भावंडांच्या संगतींत पक्की होते. कुस्तींत एकानें जोरानें चावा घेतला कीं दुसरें किंचाळतें, लाथ झाडतें आणि खेळ टाकून चालूं लागतें. चावणाऱ्यास कळतें, इतक्या जोरानें चावलें म्हणजे खेळ मोडतो. मांजरांच्या शाळेंत याहून कडक शिक्षा नाहीं, आणि याहून परिणामकारकही नाहीं.

हें शिक्षण अर्धवट राहिलें म्हणजे काय होतें, याविषयीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१७ सालीं एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनीं ५,७२६ मांजरांची माहिती गोळा केली. आठ आठवड्यांच्या आंत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा अधिक आढळला. उलट चौदा आठवड्यांनंतर दूर केलेल्या मांजरांत वागणुकीचे दोष कमी दिसले. यावरून पहिला धडा असा निघतो कीं, इमारतीखालीं पिल्लें दिसलीं आणि आई येऊन-जाऊन असली, तर त्यांस उचलण्याची घाई करूं नये. त्यांचें पावसापासून व चाकांपासून रक्षण करावें, आईच्या पोटाची सोय तेथेंच लावावी, आणि पिल्लूं घरांत आणावयाचें तें तीन महिन्यांच्या आसपास आणावें. मात्र त्यापूर्वीं माणसाच्या हाताची त्यास ओळख व्हावी हें बरें. अमेरिकेंतील टेंपल विद्यापीठांत आयलीन कार्श यांनीं केलेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत ज्यांस माणसांनीं रोज प्रेमानें हाताळलें, तीं पिल्लें पुढें माणसाळलेलीं निघतात. तेव्हां खालीं जाऊन रोज थोडा वेळ त्यांस कुरवाळावें. पण घर त्यांच्या आईचेंच राहूं द्यावें. शक्य असेल तर पुढें एकाऐवजीं दोन भावंडें आणावींत. दोन पिल्लांचा त्रास दुप्पट होईल असें वाटतें. पण चावण्यापुरता तो बहुधा निम्मा होतो, कारण तीं एकमेकांचे गुरु होतात.

आतां एकटेंच पिल्लूं घरांत आलेलें आहे आणि चावूं लागलें आहे, त्याचें काय करावें? येथें एकत्र कुटुंबाची एक विशेष अडचण आहे. काका हात उलटा करून पिल्लाच्या पोटास गुदगुल्या करतात, आणि तें चावलें म्हणजे हंसतात. आत्याबाई किंचाळून हात झटकन्‌ ओढून घेतात. आजोबा वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याच्या नाकावर मारतात. आजी "भुकेजलें असेल बिचारें" म्हणून बशींत दूध ओततात. एकाच चाव्याचे हे चार निरनिराळे निकाल! पिल्लानें यांतून काय शिकावें? काकांपासून तें शिकतें कीं हात हें खेळणें आहे. आत्याबाईंपासून, कीं हें खेळणें पळतें, म्हणून फारच मौजेचें आहे. आजोबांपासून, कीं वरून येणारा हात हा शत्रु होय. आणि आजींपासून, कीं चावल्यानें दूध मिळतें. म्हणून उपायाचा आरंभ पिल्लापासून न करतां घरांतील माणसांपासून करावा. एका जेवणाच्या वेळीं सर्वांनीं मिळून एकच नियम ठरवावा, आणि तो पाहुण्यांसही सांगावा.

तो नियम असा: माणसाचा हात कुरवाळण्यासाठीं व खाऊं घालण्यासाठीं आहे, खेळण्यासाठीं कधींही नाहीं. पांघरुणाखालीं पायाचीं बोटें हालवून पिल्लास झडप घालावयास लावणें हेंही याच नियमांत मोडतें. आज पाऊण शेराच्या पिल्लाचा चावा गोड वाटतो. पण वर्षभरांत तेंच चार-पांच किलोचें मांजर होतें, आणि लहानपणीं कौतुक झालेली खोड त्यास मोठेपणीं अपराध म्हणून कशी कळावी?

पिल्लानें चावा घेतलाच, तर हात ओढूं नये. ओढल्यानें दांत अधिक रुततात, शिवाय जें पळतें तें भक्ष्य, अशी त्याची उपजत समजूत आहे. हात जागच्या जागीं निर्जीवासारखा स्थिर ठेवावा. दांत सैल झाले कीं शांतपणें हात काढून घ्यावा, कांहीं न बोलतां उठावें, आणि अर्धा-एक मिनिट पाठ फिरवून बसावें किंवा दुसऱ्या खोलींत जावें. भावंडानें खेळ मोडावा तसाच हा खेळ मोडणें होय. मारणें, नाकावर टिचकी देणें, अंगावर पाणी उडविणें, मान धरून गदगदां हालविणें, हे सर्व प्रकार वर्ज्य समजावेत. त्यांनीं चावणें थांबत नाहीं. पिल्लूं भितें मात्र, आणि भ्यालेलें मांजर खेळणाऱ्या मांजरापेक्षां अधिक जोरानें चावतें. परिणाम एका दिवसांत दिसणार नाहीं. पण सर्वांनीं नियम पाळला, तर कांहीं आठवड्यांत फरक स्पष्ट जाणवतो.

नुसतें "नको" शिकवून भागत नाहीं. त्यास "हें घे" म्हणावयास हवें. दोन-अडीच हात लांब काठीस दोरी बांधून तिच्या टोंकास चिंधीचा गोळा अडकवावा, झालें खेळणें. चुरगळलेल्या कागदाचा चेंडू, जुन्या पायमोज्यांत चिंध्या भरून केलेली उशी हींही उत्तम. ही उशी विशेष उपयोगी, कारण ती कवटाळून मागच्या पायांनीं लाथा झाडण्याची हौस पिल्लास पुरी करून घेतां येते. मांजरें पहांटे व तिन्हीसांजा अधिक चपळ असतात. तेव्हां सकाळीं व संध्याकाळीं पांच-दहा मिनिटें नेमानें खेळवावें, शेवटीं चिंधी त्याच्या पंजांत सांपडूं द्यावी, आणि लगेच जेवण घालावें. शिकार, मग भोजन, मग अंग चाटून निद्रा, हा त्याचा स्वाभाविक दिनक्रम आहे. तो साधला कीं रात्रीं पायांवर होणारे हल्ले बहुतेक थांबतात. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या एका अभ्यासांत, बाहेर फिरणाऱ्या मांजरांशीं घरच्यांनीं रोज पांच-दहा मिनिटें खेळण्याचा क्रम ठेवला, तेव्हां त्यांनीं घरीं आणलेल्या शिकारींत सुमारें २५ टक्के घट झाली. खेळानें शिकारीची तहान भागते, असाच याचा अर्थ नव्हे काय?

मात्र दोरीविषयीं एक सूचना विसरूं नये. खेळ संपला कीं काठी-दोरी कपाटांत ठेवावी. मांजराची जीभ खरबरीत असल्यानें तोंडांत गेलेला धागा त्यास सहसा बाहेर टाकतां येत नाहीं. तो गिळला जातो, आणि आंतड्यांत अडकला तर तीं दुमडून व चिरून प्राणावर बेततें. शिवणाची सुई-दोरा, रबरी कडीं, हारांचे दोरे, संक्रांतीचा मांजा, देवघरांतील वाती, इतकेंच काय, खुंटीवर लोंबणारें जानवेंसुद्धां त्याच्या आटोक्याबाहेर असावें.

आतां थोडें अन्नाविषयीं. आपल्या शाकाहारी घरांतून पिल्लास दूधभातावर वाढविण्याची चाल आहे. हेतु उत्तम, पण मांजर हें स्वभावतः मांसाहारी जनावर असून टॉरिन नांवाचें द्रव्य त्यास अन्नांतूनच मिळावें लागतें, आणि तें वनस्पतींत जवळजवळ नसतें. त्याच्या अभावीं मांजराची दृष्टि अधू होते हें १९७५ सालीं, व हृदय दुबळें होतें हें १९८७ सालीं सिद्ध झालें. गाईचें दूध पुष्कळ पिल्लांस पचत नाहीं व हगवण लागते. शिवाय भुकेचा व खेळांतील आवेशाचा संबंध आहे. भुकेलीं मांजरें खेळण्यावर अधिक त्वेषानें तुटून पडतात, असें इंग्लंडमधील संशोधकांनीं १९९८ सालीं दाखवून दिलें. पिल्लांसाठीं तयार केलेलें कोरडें अन्न बाजारांत मिळतें. तें दिवसांतून चार वेळां थोडें थोडें, स्वयंपाकघराबाहेर, गॅलरींत वेगळ्या भांड्यांत घालावें. सोंवळें-ओंवळें पाळणाऱ्या घरींही यांत अडचण पडूं नये. आणि ज्यांस तेंही रुचत नसेल, त्यांनीं मांजर न पाळणें हें अर्धपोटीं पाळण्यापेक्षां श्रेयस्कर.

मुलांस मांजराची भाषा शिकवावी. शेंपटीचें टोंक जोरजोरानें हालूं लागलें, कान मागें पडले, डोळ्यांतील बाहुल्या एकाएकीं मोठ्या झाल्या, पाठीची कातडी थरथरली, कीं "आतां पुरे" असें तें सांगत आहे असें समजावें व हात आवरावा. झोपलेल्या वा खाणाऱ्या पिल्लास उचलूं नये. पोटास हात लावूं नये. पांच वर्षांखालील मूल व पिल्लूं यांस एकत्र एकटीं सोडूं नये. आजींच्या लुगड्याचा हालणारा कांठ पिल्लास मोह घालतो. वृद्ध माणसें चालतांना अडखळून पडण्याचें भय असल्यानें, त्यांच्या फिरण्याच्या वेळीं पिल्लास दुसरीकडे खेळांत गुंतवावें. एरवीं शांत असणारें पिल्लूं एकाएकीं चावूं लागलें, विशेषतः एखाद्याच जागीं हात लावल्यावर चावूं लागलें, तर त्यास काहीं दुखत असेल. अशा वेळीं पशुवैद्यास दाखवावें.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दांत नुसता टेंकला व कातडी शाबूत राहिली, तर हात धुऊन पुढें चालावें. पण ओरखडा उठला किंवा रक्त आलें, तर "आपल्याच घरचें पिल्लूं" म्हणून स्वस्थ बसूं नये. रेबीज हा रोग कुत्र्याप्रमाणें मांजराच्या चाव्यानेंही होतो, आणि त्याचीं लक्षणें एकदां उमटलीं म्हणजे रोगी वांचत नाहीं असेंच म्हटलें पाहिजे. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना, तिखट, तंबाखू यांतील कांहींएक तींत भरूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. लस घ्यावयाची किंवा कसें, हें ठरविणें त्यांचें काम. पाश्चर यांनीं ६ जुलै १८८५ रोजीं पहिल्या मुलास ही लस टोचली. १९०० सालीं कसौली येथें पाश्चर इन्स्टिट्यूट निघाल्यावर दूरदूरचे रोगी तेथें पाठवीत. पोटांत चौदा सुया, ही धास्ती वडील मंडळींच्या मनांत अजूनही आहे. पण ती जुनी लस भारतांत २००४ च्या अखेरीस बंद झाली. हल्लींची लस दंडावर टोचतात, आणि तीसाठीं चार किंवा पांच खेपा पुरतात. खोल जखमेस जोडीला आणखी एक औषध जखमेंतच टोचावें लागतें. चावलेल्या पिल्लावर दहा दिवस नजर ठेवावी. त्यास हांकून देऊं नये, कारण तें धडधाकट राहिलें हाच डॉक्टरांस उपयोगी पडणारा पुरावा असतो. रागाच्या भरांत पिल्लूं नदीपलीकडे सोडणारा मनुष्य हा पुरावाच घालवून बसतो. याशिवाय मांजराचे दांत बारीक व तीक्ष्ण असल्यानें जंतु खोल जातात. जखम सुजली, लाल झाली वा ठणकूं लागली, तर विलंब करूं नये. मधुमेही व वृद्ध मंडळींनीं तर मुळींच नाहीं. पिल्लास तीन महिन्यांचें होतांच रेबीजची लस टोचून घ्यावी, आणि पुढें वर्षास एकदां. पुणें महानगरपालिकेनें २०२२ सालीं कुत्र्यांप्रमाणें मांजरांसही परवाना लागू करण्याचें ठरविलें, तेव्हां त्यासाठीं ही लस टोचल्याचा दाखला आवश्यक धरला, तो याचसाठीं.

एवढें सर्व एका मांजराच्या पिल्लासाठीं कोणीं करावें, असें कोणी म्हणेल. परंतु विचार करतां यांत नवें असें काय आहे? सर्वांनीं एक शिस्त ठरवावी आणि एकानें मोडलेली दुसऱ्यानें सांवरावी. मारण्यापेक्षां अबोल्यानें समजवावें. "हें नको" म्हणतांना "हें घे" असें हातीं द्यावें. पोटभर घालावें, वेळेवर खेळवावें. आपल्या घरांतून मुलें याच रीतीनें वाढावीं, अशी आपली सर्वांची इच्छा असते. आईपासून लवकर तुटलेल्या पिल्लास भावंडांकडून जें शिकावयाचें राहिलें, तें आपल्या भरल्या घरानें त्यास शिकवावें. मांजरीचे दांत तिच्या पिल्लांस लागत नाहींत, कारण तो तिचा गोतावळा आहे. आपलें घर हाही आपला गोतावळाच, हें पिल्लास एकदां पटलें म्हणजे त्याचे दांत मुलांच्या हातांस लागणार नाहींत.